फ्रिजची नोंद बरोबर, अन्न मात्र कोमट: काळजी केंद्रांच्या स्वयंपाकघरांतील एका चिवट तक्रारीचे निवारण

वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रे आणि परावलंबी व्यक्तींची निवासी केंद्रे यांच्या स्वयंपाकघरांत एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. फ्रिजच्या दारावरील तक्त्यात सकाळी ४ अंश सेल्सिअस आणि संध्याकाळी ४ अंश अशी नोंद शिस्तीत केलेली असते. पण तपासणीला आलेली व्यक्ती दुपारी तीनच्या सुमारास आतल्या कस्टर्डच्या ट्रेमध्ये थर्मामीटरची सुई खुपसते, तेव्हा आकडा ९ किंवा १० येतो. मग तंत्रज्ञाला बोलावले जाते, तो थर्मोस्टॅट आणखी थंडाकडे फिरवतो किंवा गॅस भरून जातो आणि काही दिवस बरे जातात. पुढे मागच्या कोपऱ्यातले दूध गोठू लागते, म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट मागे फिरवतो आणि तक्रार जिथे होती तिथेच परत येते.

माझे मत आधीच नोंदवतो: अशा प्रकरणांत यंत्र बहुतेक वेळा निर्दोष असते. फ्रिजमध्ये काय, किती गरम आणि किती खोल भांड्यातून जाते, तसेच तो फ्रिज नेमका कोणाच्या अखत्यारीत आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे स्वयंपाकघराकडे नसतात, आणि म्हणूनच दुरुस्ती टिकत नाही. त्यामुळे पुढे तपासण्याचा जो क्रम दिला आहे, त्यात तंत्रज्ञ बराच उशिरा येतो.

घरच्या स्वयंपाकघरात जे खपून जाते ते येथे खपत नाही. वयोमानाने जठरातील आम्ल कमी झालेले असते, प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते, अनेकांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचे विकार असतात, आणि निरोगी माणसाला एक दिवस त्रास देणारा अतिसार अशा व्यक्तीला निर्जलीकरणापर्यंत नेतो. इंग्लंडमधील वेकफील्ड येथील स्टॅनली रॉइड या मनोरुग्णालयात ऑगस्ट १९८४ मध्ये साल्मोनेलाची साथ पसरली आणि १९ वयोवृद्ध रुग्ण दगावले. चौकशीत संशयाची सुई शिजवून नंतर फ्रिजबाहेर राहिलेल्या गोमांसावर स्थिरावली. २००८ मध्ये कॅनडात शिजवलेल्या तयार मांसातून लिस्टेरियाची साथ आली, तीत २० हून अधिक माणसे मरण पावली, आणि त्यांत दीर्घकालीन निवासी केंद्रांतील वृद्धांचा मोठा वाटा होता. लिस्टेरियाची विशेष अडचण अशी की तो फ्रिजच्या तापमानातही वाढतो, फक्त सावकाश. आणि खाल्ल्यानंतर आजार दिसायला काही वेळा ७० दिवसांपर्यंत लागतात, त्यामुळे त्या दिवशीचा ट्रे आणि आजचा ताप यांचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. फ्रिज ५ अंशांवर राहतो की ८ अंशांवर, हा फरक कागदावर किरकोळ दिसत असला तरी या जंतूच्या वाढीच्या दृष्टीने तो मोठा आहे.

पहिले पाऊल: आपण नेमके काय मोजत आहोत

फ्रिजच्या दारावरचा डिजिटल आकडा आतल्या हवेचा असतो, तोही संवेदक ज्या ठिकाणी बसवला आहे तेवढ्याच ठिकाणच्या हवेचा. हवा झटकन तापते आणि झटकन थंड होते. अन्न दोन्ही गोष्टी आळसाने करते. सकाळी सहा वाजता, रात्रभर दार बंद राहिल्यानंतर घेतलेली नोंद म्हणजे फ्रिजची सर्वांत चांगली घडी असते. त्या नोंदीवरून दुपारी जेवणाची वाढप संपत असतानाची परिस्थिती समजत नाही, आणि तक्रार तर दुपारचीच असते.

म्हणून प्रथम थर्मामीटरची खात्री करावी. कुटलेला बर्फ एका पेल्यात भरून, फटी भरतील एवढेच पाणी घालून, ढवळून काही मिनिटे ठेवावे आणि थर्मामीटरची सुई पेल्याच्या तळाला किंवा काठाला न टेकवता मध्यभागी धरावी. आकडा ० अंशांच्या आसपास, फार तर एका अंशाच्या फरकाने यायला हवा. उकळत्या पाण्याची चाचणी समुद्रसपाटीजवळ ठीक असते. उंचीवरच्या ठिकाणी पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते, साधारण दर ३०० मीटरला एका अंशाने, त्यामुळे तिथे बर्फाची चाचणीच विश्वासाची.

त्यानंतर एक झाकणाची बाटली पाण्याने भरून फ्रिजच्या मधल्या फळीवर, दाराच्या बाजूला ठेवावी आणि तिच्यात थर्मामीटरचा टोकदार भाग कायमचा बुडवून ठेवावा. पाण्याचे तापमान अन्नासारखेच सावकाश हलते, त्यामुळे दार उघडल्याबरोबर घाबरवणारा आकडाही येत नाही आणि अन्न तापत असताना दिलासा देणारा आकडाही येत नाही. दार हा फ्रिजचा सर्वांत उबदार भाग असल्यामुळे तिथे ५ अंश किंवा त्याखाली राहिले तर उरलेल्या फळ्यांची फारशी चिंता उरत नाही.

खरी उकल मात्र तापमान आपोआप नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रातून होते. दर पाच-दहा मिनिटांनी नोंद घेणारे डेटा लॉगर आता सहज मिळतात. असे एक यंत्र आठवडाभर आत ठेवले की जो आलेख हाती येतो, तो कोणत्याही बैठकीतील चर्चेपेक्षा अधिक सांगून जातो. त्यात ठरावीक अंतराने येणारे, अर्ध्या तासात विरणारे छोटे उंचवटे दिसले तर ते बर्फ वितळवण्याचे नेहमीचे आवर्तन आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करता येते. रात्रंदिवस हळूहळू वर चढत जाणारी रेषा दिसली तर यंत्रात बिघाड आहे, किंवा मागची जाळी धुळीने बुजली आहे. दिवसभर दातेरी, रात्री सपाट अशी रेषा असेल तर दार फार वेळा किंवा फार वेळ उघडे राहते. आणि दुपारी दोन ते सहा या वेळेत रोज उठणारा एक रुंद फुगवटा असेल, तर त्याचा अर्थ एकच: जेवणानंतर उरलेले गरम अन्न थेट आत जात आहे. वारंवार परत येणाऱ्या तक्रारींत मला सर्वांत अधिक अपेक्षा असते ती या शेवटच्या आकृतीची.

दुपारचा फुगवटा

फ्रिज थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी बनवलेला असतो. गरम वस्तू थंड करण्यासाठी नव्हे. हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण त्यामागचे गणित क्वचितच कोणी करून पाहते. २० लिटर सूप ६० अंशांवरून ५ अंशांवर आणायचे म्हणजे सुमारे ४६०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. फ्रिजची शीतनक्षमता ३०० वॅट धरली आणि ती सगळी या एकाच पातेल्यावर खर्च झाली असे मानले, तरी चार तासांहून अधिक वेळ लागेल. प्रत्यक्षात ती सगळी ताकद पातेल्याला मिळत नाही. वाफेमुळे आतल्या थंड नळ्यांवर हिम साचते, हवा अडते, आणि तोवर शेजारचे दूध, कापलेली फळे, उद्याच्या नाश्त्याची तयारी हे सगळे त्या पातेल्याच्या उष्णतेत वाटेकरी होते.

शिवाय पातेल्याच्या मध्यभागाला याचा पत्ताच नसतो. घट्ट पदार्थात उष्णता वाहून नेणारा प्रवाह जवळजवळ नसतो, त्यामुळे थराची जाडी दुप्पट केली की मध्यभाग थंड व्हायला अदमासे चौपट वेळ लागतो. काठापाशी हाताला गार लागणारे, वरून साय धरलेले कस्टर्ड आत तासन्‌तास ४० अंशांच्या घरात राहू शकते. क्लोस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स या जंतूला नेमके हेच हवे असते. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, अन्न ४३ ते ४७ अंशांच्या पट्ट्यात आले की ते जागे होतात आणि अनुकूल स्थितीत सुमारे दहा मिनिटांत त्यांची संख्या दुप्पट होते. मोठ्या प्रमाणावर शिजवलेले मांस, मांसाचा रस्सा आणि घट्ट सूप ही त्याची ठरलेली ठिकाणे. भाताच्या बाबतीत बॅसिलस सेरियस हा दुसरा जंतू आहे, आणि त्याचे ओकारी आणणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. तेव्हा "खाण्याआधी उकळून घेऊ" हे आश्वासन त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेत थंड करण्याचे दोन टप्पे ठरवले आहेत: ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत २ तासांत, आणि तेथून ५ अंशांपर्यंत आणखी ४ तासांत. पहिला टप्पा कडक आहे याचे कारण वरच्या परिच्छेदात आले आहे. स्वयंपाकघरांत सहसा याच्या उलट घडते. "सहा तास आहेत" एवढेच लक्षात राहते, पातेले दोन-तीन तास ओट्यावर झाकून राहते, आणि मग घाईने फ्रिजमध्ये जाते.

उपाय पातेल्यापासूनच सुरू करावा लागतो. घट्ट अन्न ५ सेंटीमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरात, उथळ धातूच्या ट्रेमध्ये पसरावे. प्लास्टिकचे डबे उष्णता अडवतात. सूप किंवा रस्सा असेल तर पातेले बर्फ आणि पाणी भरलेल्या हौदात बसवून सतत ढवळावे. आणखी एक युक्ती आहे आणि तिचा वापर व्हावा तितका होत नाही. सूप शिजवताना पाणी राखून ठेवायचे आणि पिण्यायोग्य पाण्याचा स्वच्छ बर्फ शेवटी घालायचा. १५ लिटर घट्ट सूप ८० अंशांवर असताना त्यात ५ किलो बर्फ विरघळवला तर मिश्रण लगेचच ४० अंशांच्या आसपास उतरते. ४० अंश म्हणजे सुरक्षित नव्हे, उलट अगदी धोक्याच्या पट्ट्याचा मध्य. पण तिथून पुढे उथळ ट्रे आणि बर्फाचा हौद यांना उरलेले काम वेळेत करता येते, एरवी तेथवर पोहोचण्यातच पहिला तास गेला असता. झाकण पूर्ण बंद करू नये. अन्न थंड होईपर्यंत ते किंचित सरकवून, वरून काही पडणार नाही अशा जागी ठेवावे आणि ५ अंशांना आल्यावर घट्ट लावावे.

या सगळ्याला पंचवीस-तीस मिनिटांचे हात लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी पाळी बदलत असते. सकाळच्या पाळीचा स्वयंपाकी निघण्याच्या घाईत, दुपारच्या पाळीचा मदतनीस अजून चहा-नाश्त्याच्या तयारीत. मधल्या फटीत पातेले जसेच्या तसे फ्रिजमध्ये ढकलले जाते. त्यामुळे स्वयंपाक्याला समज देऊन काही साधत नाही. वाढप संपण्याची वेळ अर्धा तास अलीकडे आणणे, किंवा अन्न थंड करण्याचे काम नावानिशी दुपारच्या पाळीकडे सोपवणे, यांपैकी एक करावेच लागते. त्याहूनही सरळ मार्ग म्हणजे कमी उरवणे. केंद्रातील निवासींची संख्या रोज माहीत असते, त्यांची भूकही साधारण माहीत असते. तरीही "कमी पडायला नको" म्हणून दीडपट शिजवण्याची सवय असते आणि उरलेले साठवण्याच्या निमित्ताने सगळी जोखीम उभी राहते.

मऊ आणि गाळीव आहार

गिळण्याचा त्रास असलेल्या निवासींसाठी अन्न वाटून, गाळून दिले जाते, आणि या आहाराकडे साठवणुकीच्या दृष्टीने स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. शिजवलेले अन्न मिक्सरमध्ये गेले की ते पुन्हा हाताळले जाते, थंड होते, आणि पात्याच्या बुडाशी असलेल्या रबरी कड्यात अडकलेले कण पुढच्या फेरीत मिसळतात. तो कडा दर वापरानंतर काढून धुतला जातो का, हे पाहिल्याशिवाय फ्रिजचा दोष शोधू नये. वाटलेले अन्न शक्यतो त्याच जेवणापुरते करावे. ठेवायचेच असेल तर एकेका माणसाच्या वाटणीच्या लहान डब्यांत, थंड करून ठेवावे. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये काही भाग उकळतो आणि काही भाग कोमट राहतो. मध्ये थांबवून ढवळावे, थोडा वेळ तसेच राहू द्यावे आणि सगळीकडे ७५ अंश आल्याची सुईने खात्री करावी, आणि मगच तोंड भाजणार नाही इतके निववून द्यावे.

दाट केलेली पेये आणि पोषक पेयांच्या उघडलेल्या बाटल्या यांना प्रत्येक उत्पादनाची स्वतःची मुदत असते. ती वेष्टनावर लिहिलेली असते आणि तीच पाळावी. पावडरपासून तयार केलेल्या नळीतून द्यायच्या आहाराबाबत एक गोष्ट विसरता कामा नये: पावडर निर्जंतुक नसते. म्हणूनच तो खोलीच्या तापमानावर टांगून ठेवण्याची मर्यादा सामान्यतः ४ तासांची धरली जाते, तर कारखान्यात निर्जंतुक करून बंद केलेल्या तयार पिशव्यांना त्याहून बरीच अधिक मुभा असते.

दार, रचना आणि यंत्र

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. आलेखाची रेषा दातेरी असेल तर जेवणाच्या वेळेस लागणाऱ्या वस्तू एका वेगळ्या लहान फ्रिजमध्ये किंवा एकाच फळीवर आणाव्यात, म्हणजे एका मिनिटासाठी दार सात वेळा उघडावे लागणार नाही. फळ्यांवर कागद किंवा पुठ्ठा अंथरण्याची सवय मोडावी, कारण त्याने हवेचा मार्ग बंद होतो. आतल्या पंख्यासमोर खोके रचू नयेत. कच्चे मांस, मासे आणि अंडी सर्वांत खालच्या फळीवर, तयार अन्न वर. या नियमाला मुदत, गर्दी किंवा सोय यांपैकी कशाचाही अपवाद नाही.

यंत्राच्या बाजूने तीन गोष्टी स्वयंपाकघरालाच तपासता येतात. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. कुठे ती सहज निसटली तर तेथून थंडावा गळतो. मागच्या किंवा खालच्या जाळीवर धूळ आणि चिकट तेलकट थर असेल तर तो साफ करावा. स्वयंपाकघरातल्या वाफेमुळे तो घरापेक्षा खूप लवकर साचतो. फ्रिजच्या मागे भिंतीपासून हवेला जागा आहे का तेही पाहावे. थर्मोस्टॅटच्या चाकावरचे आकडे अंशांचे नसतात. ते थंडीची पातळी दाखवतात, म्हणून "५ वर ठेवला आहे" या उत्तराला अर्थ नसतो. एवढे करूनही रात्रीची सपाट रेषा ५ अंशांच्या वरच असेल, तर तंत्रज्ञाला बोलवावे आणि आलेख त्याच्या हाती द्यावा.

मजल्यावरचा बेवारस फ्रिज

मुख्य स्वयंपाकघर सुधारल्यावरही पोटाच्या तक्रारी किंवा तपासणीतील शेरे थांबत नाहीत, तेव्हा नजर वळवावी ती प्रत्येक मजल्यावर परिचारिकांच्या कक्षाजवळ ठेवलेल्या लहान फ्रिजकडे. तो स्वयंपाकघराचा नसतो, शुश्रूषा विभागाचा नसतो आणि सफाई विभागाचाही नसतो. त्यात निवासींचे दही, कोणाच्या नातेवाइकांनी आणलेली मिठाई, कर्मचाऱ्यांचा डबा, अर्धी उघडलेली पोषक पेये आणि कधी कधी चक्क औषधेही एकत्र नांदताना दिसतात. औषधांना आणि अन्नाला एकच फ्रिज असू नये. कर्मचाऱ्यांचा डबाही तिथे नको.

या फ्रिजपर्यंत पोहोचणारी सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे राखून ठेवलेले ताट. निवासी झोपलेले होते, डायलिसिसला गेले होते, किंवा त्या वेळी भूक नव्हती, म्हणून परिचारिका मायेने ताट झाकून ठेवते. ते तासभर टेबलावर राहते, मग कोणीतरी फ्रिजमध्ये ठेवते, रात्री मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद फिरवले जाते आणि दिले जाते. यातील प्रत्येक पाऊल प्रेमापोटी उचललेले असते, आणि एकत्र मिळून ते अन्नाला धोक्याच्या पट्ट्यातून दोनदा फिरवून आणते. यावर सूचनाफलक लावून काही होत नाही, कारण उपाशी माणसाला जेवू घालण्याची इच्छा फलकापेक्षा बलवत्तर असते, आणि तसे असणे योग्यच आहे. म्हणून सोय उलट बाजूने करावी. कोणाचे जेवण लांबणार हे मजल्यावरून वाढपाआधी स्वयंपाकघराला कळवावे, त्यांची वाटणी स्वयंपाकघरातच ६० अंशांच्या वर गरम कपाटात ठेवावी किंवा व्यवस्थित थंड करून ठेवावी, आणि अवेळी जेवणासाठी रोज दोन-तीन लवकर तयार होणारे पर्याय हाताशी असावेत. टेबलावर गेलेले ताट परत फ्रिजमध्ये येता कामा नये.

नातेवाइकांनी आणलेल्या अन्नाला सरसकट बंदी घालणारी केंद्रे मला पटत नाहीत. बंदी घातली की डबे उशाशी आणि खणांत लपतात, आणि तिथे कोणतेच तापमान मोजले जात नाही. त्यापेक्षा स्वागतकक्षात चिकटपट्ट्या आणि पेन ठेवावे, डब्यावर निवासीचे नाव, आणल्याची तारीख आणि फेकण्याची तारीख लिहून घ्यावी, आणि नातेवाइकांना दोन मिनिटे समजावून सांगावे. जोखमीचे पदार्थ कोणते, हे त्यांना सहसा माहीत नसते: न तापवलेल्या दुधाचे पदार्थ, कच्ची किंवा अर्धकच्ची अंडी असलेले गोड पदार्थ, कच्चे मोड आलेले धान्य, कापून ठेवलेले थंड मांस.

या फ्रिजला एक नाव द्यावे लागते. विभागाचे नाव नव्हे, व्यक्तीचे, प्रत्येक पाळीसाठी एक. तिने रोज ठरलेल्या वेळी आत काय आहे ते पाहून, तारीख नसलेली किंवा तारीख उलटलेली वस्तू विचारपूस न करता टाकावी. "कोणाचे आहे ते विचारून टाकू" ही पद्धत ठेवली की वस्तू आठवडाभर तिथेच राहते.

नोंदवही खरी कशी करावी

एखाद्या तक्त्यात महिनाभर दोन्ही वेळा ४ अंशच लिहिलेले असतील, तर तो तक्ता फ्रिजबद्दल काही सांगत नाही. त्यातून फक्त भरणाऱ्याची सावध वृत्ती कळते. खऱ्या फ्रिजचा आकडा ३.२, ४.६, ५.१ असा हलत राहतो. जिथे ६ लिहिल्यावर खुलासा मागितला जातो आणि ४ लिहिल्यावर कोणी काही विचारत नाही, तिथे प्रत्येक जण ४ च लिहिणार. हे बदलायचे असेल तर वाढलेला आकडा लिहिणाऱ्याला दोष देणे थांबवावे, दशांशासह नोंद घ्यावी, प्रत्यक्ष वेळ लिहावी आणि सकाळ-संध्याकाळच्या जोडीला दुपारची, म्हणजे सर्वांत वाईट वेळेची, तिसरी नोंद अनिवार्य करावी. ती बाटलीतल्या पाण्याची असावी, आणि आठवड्यातून काही वेळा एखाद्या ट्रेच्या मध्यभागाची.

प्रत्येक वाढलेल्या आकड्यासमोर "काय केले" हा रकाना हवा, आणि तो भरता यावा म्हणून निर्णय आधीच ठरलेला हवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रचलित असलेला नियम असा आहे: ५ ते ६० अंशांच्या दरम्यान एकूण २ तासांपेक्षा कमी राहिलेले तयार अन्न परत थंड करता येते किंवा वापरता येते, २ ते ४ तास राहिलेले लगेच वापरावे, आणि ४ तासांच्या वर गेलेले टाकावे. येथे "एकूण" या शब्दाला महत्त्व आहे. तयारी, वाढप आणि फ्रिजबाहेरचा प्रत्येक काळ त्यात मोजला जातो. काळजी केंद्रात मधला पट्टा मी वापरणार नाही. २ तास उलटले की टाकावे, आणि किती वेळ गेला हे कोणालाच माहीत नसेल तरीही टाकावे.

तारखेच्या चिठ्ठीचेही तसेच. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी संहितेत ५ अंशांवर ठेवलेल्या तयार अन्नाला तयारीचा दिवस धरून कमाल ७ दिवस दिले आहेत. पण लिस्टेरियाची सावकाश वाढ लक्षात घेता वयोवृद्धांसाठी ही मर्यादा सैल आहे आणि ती दोन-तीन दिवसांवर आणणे शहाणपणाचे. चिठ्ठीवर केवळ तयारीची तारीख असली की रात्री दमलेल्या माणसाला मनात हिशेब करावा लागतो. म्हणून फेकण्याचा वार मोठ्या अक्षरात लिहावा.

वीज गेल्यास बंद दाराचा फ्रिज साधारण ४ तास, पूर्ण भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडावा धरतो. त्या काळात आकडा पाहण्यासाठीही दार उघडू नये, आणि वीज गेल्याची वेळ पहिल्याच मिनिटाला फळ्यावर लिहून ठेवावी.

बदल केल्यानंतर

उथळ ट्रे, बदललेली पाळी, दुपारची नोंद आणि मजल्यावरच्या फ्रिजची जबाबदारी एवढे लागू करून दोन आठवडे लॉगर पुन्हा चालवावा. दुपारचा फुगवटा खाली बसला तर थर्मोस्टॅट पुन्हा हलवू नये. तो जिथे आहे तिथे खूण करून ठेवावी. फुगवटा अरुंद झाला पण गेला नाही, तर बहुधा एखाद्या ठरावीक दिवशी, ठरावीक पदार्थाच्या वेळीच तो उठतो. आलेखाशेजारी आठवड्याचा खाद्यक्रम ठेवला की पदार्थ सापडतो, आणि तो आदल्या दिवशी करून ठेवण्याऐवजी त्याच दिवशी लहान प्रमाणात दोनदा करता येतो का ते पाहावे.

एवढ्यानेही फुगवटा राहिला, तर शिजवण्याचे प्रमाण आणि थंड करण्याची क्षमता यांचा मेळच बसत नाही असे समजावे. मग साधा फ्रिज आणखी एक घेऊन प्रश्न सुटत नाही. जलद शीतक यंत्र लागते. त्याच्या क्षमतेत बसेल एवढे आणि योग्य जाडीचे अन्न ते ७० अंशांवरून ३ अंशांपर्यंत साधारण ९० मिनिटांत आणते. व्यवस्थापनाकडे त्याची मागणी करताना दोन्ही आलेख, म्हणजे बदलांपूर्वीचा आणि नंतरचा, तसेच त्या काळात टाकून द्यावे लागलेल्या अन्नाची वजनासह यादी सोबत जोडावी. केवळ "फ्रिज पुरत नाही" असे लिहून पाठवले तर उत्तरादाखल पुन्हा तंत्रज्ञच येतो.